भाव आला नसेल तर

रोज ऑफिसात आले की मी आधी पाहायची, आज आपली वेबसाइट कोणत्या रंगाची आहे. संध्याकाळी सोडून जायची तेव्हा हिरवी असायची, सकाळी जांभळी. परवा वरच्या पट्टीवर कपाशीचं बोंड होतं, आज पाहावं तर बैलाचं शिंग. मास्तर समोर बसलेले, चष्मा कपाळावर, आणि चेहरा असा की घर नवीन रंगवून काढलंय, आता पाहुण्यांनी काहीतरी बोलावं.

"कशी दिसते?" ते विचारायचे.

"काल काय वाईट होती?"

"काल चांगली होती. आज वेगळी हाये."

आता या उत्तरावर माणसानं काय बोलावं! मी पिशवी खुंटीला अडकवायची आणि कामाला बसायची.

आमची जिन पांढरकवड्याच्या बाहेर, रस्त्याला लागून. जिन म्हणजे कापसातली सरकी वेगळी करून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना. मी तिथं टायपिंगला होते. केळापूरहून ऑटोत बसून यायचं, दिवसभर पावत्या बडवायच्या, संध्याकाळी पोरीला आईकडून उचलून घरी. मास्तर माझ्या आधीपासून तिथं होते. मूळचे ते शाळेत ड्रॉइंग मास्तर. शाळेनं ड्रॉइंगची जागाच काढून टाकली, तेव्हा सेठनं त्यांना गेटवरच्या फळ्यासाठी ठेवून घेतलं. कापसाचा त्या दिवशीचा भाव खडूनं मोठ्या अक्षरात लिहायचा, एवढंच काम. पण मास्तरांचं अक्षर असं होतं की लोक भाव पाहायला यायचे आणि अक्षर पाहत उभे राहायचे. आकड्याला सावलीसुद्धा काढायचे. सेठ म्हणायचे, "मास्तर, भाव पडला आहे अन् तुम्ही त्याले नवरदेवासारखा सजवून राह्यले."

पुढं इंटरनेट स्वस्त झालं, खेड्यापाड्यात हाताहातात मोबाइल आले, आणि सेठनं नागपूरच्या कोणाकडून तरी जिनची वेबसाइट बनवून घेतली. फळा मास्तरांचा म्हणून वेबसाइटही मास्तरांची, असा साधा हिशेब. आम्हाला वाटलं, साठीला आलेला माणूस आता घाबरून नोकरी सोडून जाईल. कशाचं काय! बाई गं, त्या माणसाला तर जत्रा सापडली.

बातम्या, फोटो, गाठींची माहिती, यातलं काही त्यांना आवडत नसे. ते माझ्याकडे सरकवायचे. त्यांचा जीव जडला होता सेटिंगवर. साइटच्या आतल्या बाजूला सेटिंगचं पान होतं. साइटचं नाव काय, ब्रीदवाक्य काय, तारीख कशी दाखवायची, एका पानावर बातम्या किती, भाषा कोणती. एकेक चौकोन, त्यात टिक मारा नाहीतर काढा, आणि खाली निळं बटण. बटण दाबलं की वर एक पट्टी यायची, 'बदल जतन झाले.' ती पट्टी आली की मास्तर हात बाजूला घेऊन क्षणभर नुसते बघायचे.

एकदा मी वैतागून म्हटलंही, "मास्तर, तारखेचा ठिपका काढून रेघ घातली तर कोणाचं काय भलं होणार आहे?"

"नाई होनार," ते म्हणाले. "पन पाय ना बेटा. सांगतलं अन् झालं. पाऊस म्हना, बियानं म्हना, सरकार म्हना, माह्यी पोरगी म्हना, कोनी आयकते का? हे आयकते. अन् वरून सांगतेबी, का बाप्पा, आयकलं म्हनून."

मी हसले खरी, पण ती वर्षंच तशी होती. बोंडअळीनं हिरव्या बोंडातच घर केलं होतं. लोक नवीन बियाणं घेत, नवीन फवारा घेत, दरवर्षी काहीतरी ठरवत आणि ठरवलेलं काही टिकत नसे. आमच्याकडं येणारा कापूस पिवळा, किडका. मशिनी अर्धा दिवस बंद राहायच्या आणि मजूर सावलीत बसून तंबाखू मळायचे. अशा दिवसांत एक माणूस रोज एक गोष्ट ठरवतो आणि ती तशीच होते, याचा मला पुढं पुढं राग येईनासा झाला.

सेटिंगबद्दल त्यांची स्वतःची शिकवणही होती. म्हणायचे, "बातमी म्हंजे पाव्हना. आला, जेवला, गेला. सेटिंग म्हंजे घरची रीत." आणि दुसरं एक नेहमी सांगायचे, "तू हात नाई लावला म्हनून तो डब्बा खाली हाये असं समजू नको. तुह्या आधी कोनी तरी तिथं येऊन गेलं असते. आपन ठरवलं नाई त दुसऱ्यानं ठरवलेलं चालते." मी मान डोलवायची. अर्धं लक्ष पावत्यांत.

त्यांच्या या खेळानं आम्हाला कमी नाचवलं नाही. एकदा भाषेच्या यादीत मराठीच्या वरच्या नावावर त्यांचं बोट पडलं आणि आतली सगळी पाटी कुठल्यातरी गोलगोल लिपीत झाली. मल्याळम असावी. कोणतं बटण कशाचं, काही कळेना. मी तर कपाळाला हात लावला. मास्तर मात्र खुर्ची जवळ ओढून निवांत बसले. "काय सुंदर वळन हाये वं! जलेबी पाडल्यासारखं." अर्धा दिवस ते ती अक्षरं पाहत होते. मग दोन चौकोन आणि खाली यादी, असा आकार ध्यानात होता म्हणून त्यांनी आकारावरून पान शोधलं आणि मराठी परत आणली. सेठना आम्ही सांगितलं, लाइन गेली होती.

दुसरा पराक्रम मात्र लपला नाही. सेटिंगमध्ये एक चौकोन होता, शोधयंत्रांना ही साइट दाखवू नका, अशा अर्थाचा. मास्तरांनी टिक मारून टाकली. दोनेक महिन्यांनी सेठ लाल होऊन आले. ढाणकीच्या एका व्यापाऱ्यासमोर त्यांनी ऐटीत मोबाइलवर आपल्या जिनचं नाव टाकलं, तर सगळ्या जगाच्या जिन निघाल्या, यांचीच नाही.

"मास्तर, आपली जिन कुठं गेली?"

"इथंच हाये ना सेठ."

"इंटरनेटवर!"

"ते म्या बंद केलं. आपला भाव पाहाचा त आपल्या गेटवर या. मधात दलाल कायले पाह्यजे?"

सेठनं डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली. ते फार चिडले की असं करत. मास्तरांनी गपचूप टिक काढली, बटण दाबलं, पट्टी आली. "घ्या, जतन झालं," ते म्हणाले. सेठ टोपी घालून गेले. पण त्या दिवसापासून त्यांना मास्तरांच्या हाताची धास्ती बसली.

रोज सगळं बदलणाऱ्या या माणसानं एका चौकोनाला मात्र कधी हात लावला नाही. भावाच्या पानाचा तो चौकोन होता. 'भाव आला नसेल तर मागचा भाव दाखवा.' तिथं टिक नव्हती. म्हणजे सकाळी पान रिकामं. अकराच्या सुमाराला बाजारातून फोन येई, सेठ भाव ठरवत, मास्तर आकडा टाकत, तेव्हा लोकांना दिसे.

हे फळ्याचंच होतं. आमच्या गेटवर रीत अशी की रोज पहाटे फळा ओल्या फडक्यानं पुसायचा. पुसलेला फळा म्हणजे अजून ठरलं नाही, गाडी भरू नका. भरली असेल तर घरीच राहू द्या. बाजारच बंद असेल त्या दिवशी मास्तर फळ्यावर एक आडवी रेघ ओढत. हे कोणी लिहून ठेवलं नव्हतं, पण पंचक्रोशीत सगळ्यांना माहीत होतं. येणारे-जाणारे लांबूनच पाहून सांगायचे, "फळा पुसेल हाये." एकदा कापूस टेम्पोत घालून गेटवर आला की माणूस अडकतो. टेम्पोवाला परतीचं भाडं मागतो, आभाळ भरून येतं, म्हातारी घरी वाट पाहत असते. मग समोरचा म्हणेल तो भाव. म्हणून रिकाम्या फळ्याला आकड्याइतकाच मान होता.

झरी जामणीकडून एक बाई यायची, कोलाम आदिवासींच्या पोडावरची. पोड म्हणजे त्यांची जंगलातली वस्ती. आम्ही तिला मावशी म्हणायचो. तिला अक्षर येत नव्हतं, आकडे तेवढे यायचे. जावयानं जुना मोबाइल दिला होता, त्यावर भावाचं पान कसं उघडायचं हे मास्तरांनी तिला गेटवर उभं राहून शिकवलं होतं. "आकडा दिसला त ये. खाली दिसलं त येऊ नको," इतकं सोपं. ती आणि तिच्या वस्तीतली चार घरं मिळून एक टेम्पो करत. जंगलाच्या रस्त्यानं यायचं म्हणजे पहाटे निघायला लागायचं, म्हणून आदल्या दिवशी भाव पाहून टेम्पोवाल्याला सांगायचे आणि निघायच्या दिवशी पुन्हा पान पाहायचे. भाव टिकेल अशी खात्री असली की सेठ आदल्या संध्याकाळीच मास्तरांना सांगत, आणि मास्तर उजाडायच्या आत येऊन आकडा टाकत. असं क्वचित. बाकी दिवशी पान रिकामं असलं की मावशी टेम्पोवाल्याला परत पाठवायची.

ज्या वर्षी बोंडअळीनं फारच खाल्लं, त्या वर्षी सेठ एका सकाळी आमच्या टेबलाशी येऊन बसले. टोपी डोक्यावरच होती.

"मास्तर, तो चौकोन आता टिक करा."

"कोनता?"

"तुम्हाले माहीत आहे कोणता. शेजारच्या जिनचं पान चोवीस तास भाव दाखवते. आपलं सकाळी उघडलं की खाली. लोक म्हणतात, ही बंद पडली. गाड्या तिकडं वळून राह्यल्या."

"मागचा भाव आजचा नसते सेठ. अन् लोक निंघून येतीन."

"येऊ द्या ना. आले त कापूस येईल. कापूस आला त मशीन चालन." सेठनं खिडकीकडं बोट केलं. बाहेर मजूर बसलेले होते. "त्यायले मी काय सांगू? मास्तरचा फळा पुसेल आहे म्हणून घरी जा? जिन बंद पडली त तुमची वेबसाइट कोणाचा भाव दाखवन?"

मला वाटलं होतं मास्तर भांडतील. ते भांडले नाहीत. सेठ खोटं बोलत नव्हते, हीच पंचाईत होती. मास्तरांनी पान उघडलं. त्यांनी टिक मारली, बटण दाबलं, पट्टी आली. या वेळी त्यांनी पट्टीकडं पाहिलं नाही, उठून बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी मी पोचले आणि भावाचं पान उघडलं. कालचा आकडा असेल म्हणून पाहिलं, तर आकड्याच्या जागी एक आडवी रेघ.

"हे काय?"

"भाव." मास्तर चहात पाव बुडवत होते. "त्यानं म्हटलं, भाव आला नाई त मागचा दाखव. म्या म्हटलं, आला ना. हा पाय आला. रेघ आली."

यंत्राला रेघही चालते आणि आकडाही. जागा भरलेली दिसली की ते मागचा भाव काढत नाही. सेठच्या हुकमाला धक्का नाही आणि लोकांना गाडी भरू नका हेही कळतं. मावशीला फोन करून सांगितलं, आता रिकाम्या जागी रेघ दिसेल. "फळ्यावर ओढता तशीच का?" तिनं विचारलं. "तशीच," मास्तर म्हणाले. सेठनं ती रेघ पाहिली, टोपी काढली, टेबलावर ठेवली, थोडा वेळ बसले आणि परत घालून निघून गेले. मला वाटतं, त्यांनाही सुटल्यासारखं झालं असावं. माणूस वाईट नव्हता.

पण त्या रेघेपायी मास्तरांच्या मागं जे लागलं, ते पाहून माझा जीव कासावीस व्हायचा. रात्री बारा वाजता तारीख बदलली की यंत्र मोकळं, आणि मोकळं झालं की मागचा भाव आजचा म्हणून वर. त्यामुळं लोक उठायच्या आत रेघ पडायला पाहिजे. मास्तर पहाटेच्या फजरच्या नमाजानंतर मशिदीतून घरी न जाता थेट जिनवर यायला लागले. चौकीदाराला उठवायचं, संगणक चालू करायचा, एक रेघ टाकायची, मग तिथंच खुर्चीत बसून राहायचं. थंडीतही, पावसातही. गुडघे धरून ऑफिसचा जिना चढायचे. रंग बदलणं हळूहळू बंद झालं. साइट किती दिवस निळीच राहिली.

"आदल्या संध्याकाळीच रेघ टाकून जात जा," मी म्हटलं.

"आजचा भाव आज रातीपर्यंत राहाले पाह्यजे. लोक जेवून-खाऊन पाहातात. त्याहिचा हक आहे."

"मग मला पासवर्ड द्या. मी घरून टाकते."

"तू कायले पहाटे उठतं? तुही पोर लहान हाये. झोप ना."

"अन् तुम्ही?"

"म्या त उठतोच. अल्लासाठी उठलोच आहो त चार पावलं पुढं."

चार पावलं! मशीद गावाच्या त्या टोकाला. पण हट्ट म्हणजे हट्ट. पासवर्ड दर शुक्रवारी बदलायचा, तोही रंगाचं नाव, गेरू, हिरमजी, मोरपंखी, काय मनात येईल ते. दुसऱ्याला सांगायचं नाही. सेठलाही नाही. मास्तरांच्या डोक्यात एकच होतं, की टिक आपण स्वतः मारली आहे, तेव्हा तिच्यावर रोज पहारा आपणच द्यायचा. मी किती वेळा म्हटलं, मास्तर, सेठकडं जाऊन साफ सांगा, मला हे झेपत नाही, टिक काढतो. ते म्हणायचे, "जिन चालू आहे ना? मंग." आणि खरंच, कशीबशी चालू होती. मजुरांची चूल पेटत होती. रेघेमुळं गाड्या पुष्कळशा शहाणपणानं येत होत्या. सगळ्यांचं निभत होतं. त्याची किंमत एक म्हातारा रोज पहाटे चुकती करत होता आणि आम्ही सगळे त्याला सवयीनं बघत होतो. सवय ही अशी मेली वाईट गोष्ट आहे.

दिवाळीनंतरच्या थंडीत, वेचणी भरात असताना, मास्तर झोपेतच गेले. पहाटे बायकोनं नमाजाला उठवलं तर उठले नाहीत. मला सकाळी चौकीदाराचा फोन आला आणि मी पोरीला आईकडं टाकून तशीच त्यांच्या घरी गेले. सेठही आले होते. टोपी हातात धरून अंगणात उभे होते. दुपारच्या नमाजानंतर माती द्यायची ठरली. त्या गर्दीत, त्या रडारडीत साइटची आठवण कोणाला येणार? आणि आली असती तरी करणार काय? आत शिरायचा रंग मास्तर बरोबर घेऊन गेले होते. पुढं नागपूरवाल्याकडून कुलूप तोडून घ्यायला आठवडा गेला.

दुपारी सेठ म्हणाले, "तू जिनवर जा वं. गेटवर कोणी नाही."

मी गेले तर गेटसमोर टेम्पोच टेम्पो. त्या आठवड्यात आधी इतके आले नव्हते. भाव परवापासून गडगडला होता, त्या दिवशी तर आणखीच खाली आला होता, आणि साइटवर मात्र आदल्या दिवशीचा आकडा आजची तारीख घालून ठसठशीत उभा. मुनीम आजचा भाव सांगत होता आणि लोक मोबाइल दाखवून त्याच्या अंगावर जात होते. "हा काय लिवला आहे मंग? हा काय आहे?" एक जण म्हणाला, "मास्तरबी सेठचाच माणूस निंघाला शेवटी." मी ओरडून सांगणार होते, तेवढ्यात मावशी दिसली.

ती टेम्पोच्या सावलीत खाली बसली होती. डोक्याच्या केसांना, लुगड्याला कापूस चिकटलेला. ती भांडत नव्हती. मला पाहिलं तशी उठली.

"मास्तरले बलाव वं. हे लोक काईबाई बोलून राह्यले. तो येऊन सांगन बरोबर."

मी तिचा हात धरला. "मावशी, मास्तर गेले."

"कुठं गेले?"

"वारले. आज पहाटे. झोपेतच."

मग तिनं कमरेचा मोबाइल काढला, बोटानं पुसला, पान उघडून माझ्यापुढं धरला. तिच्या बोटाखाली तो आकडा.

"अन् हे कोनं लिवलं?"

"कोणीच नाही लिहिलं, मावशी."

टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला. त्याला परत जायचं होतं. मावशीनं मागं वळून कापसाच्या गंजीकडं पाहिलं, आणि हातानंच त्याला खूण केली, उतरव. मग डोक्यावरचा पदर पुढं ओढून घेतला.

"सूर्य उगवाच्या आंधी पाह्यलं म्या," ती म्हणाली. "रेघ नोहती, आकडा होता. मले वाटलं, आज मास्तर लवकर आले."